धाकटीचं गवत

आरमोरीच्या बाजारात तूप विकणाऱ्या बायकांची ओळ कुंभारांच्या मडक्यांपुढे बसायची. आम्ही गवळणी आपापला गडवा पुढ्यात ठेवून, त्यावर पळसाचं पान झाकून गिऱ्हाइकाची वाट पाहायचो. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसे. गिऱ्हाईक आलं की आधी तिच्या गडव्यावरचं पान उचलायचं. तिचं तूप पिवळं, रवाळ. पान बाजूला झालं की वास पार मडक्यांपर्यंत जायचा. माझं तूप पांढुरकं, मेणासारखं. गिऱ्हाईक माझ्याही गडव्यात डोकावायचं, पण बोट बुडवायचं तिच्याच तुपात.

तिचा गडवा लवकर रिकामा व्हायचा. मग ती उठून घरी गेली असती तर मला चाललं असतं. पण ती तिथेच बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “हे घेऊन पाहा. माह्या बाईचं तूप हाये. माही मोठी बहीन.” लोक तिच्या शब्दाखातर माझं तूप घेत. माझाही गडवा रिकामा होई, आणि परतीच्या वाटेवर मी तिच्या दोन पावलं पुढे चालत राही.

त्या वेळी जिल्ह्याला चांदा म्हणत. मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, नुकतीच गेली होती.

आम्ही दोघी सिंदेवाहीकडच्या. बाप शाळेच्या मास्तरांकडे दूध घालायचा, त्या ओळखीवर मी चौथीपर्यंत शिकले. धाकटीचं शाळेत मन रमलं नाही. ती बापामागे ढोरांत जायची, संध्याकाळी अंगाला गवताची कुसळं घेऊन यायची. रात्री जेवताना बाप आणि ती गाईंबद्दल बोलत बसत आणि मी ऐकत असे. मला वाटायचं, आपण थोरल्या, शिकलेल्या, आपल्याला घरही चांगलं मिळेल. तसं मिळालंही. माझं सासर मोठ्या तलावाच्या पाळीखाली होतं. टोला, म्हणजे गवळ्यांची वस्ती, भरलेला, दारात नांदतं पाणी, ढिवरांकडून ताजे मासे, धानाच्या बांध्यांमुळे तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, ढीग. सासऱ्यांची ढोरं आखरात, गुरं बसवायच्या मोकळ्या जागेत, मावत नसत.

धाकटीला दिलं टेकडीपलीकडच्या टोल्यात. तिथली विहीर उन्हाळ्यात तळाला जायची. ढोरं थोडी, घरं त्याहून थोडी. तिच्या लग्नात मी तिच्या गळ्यात पडून रडले. त्या रडण्यात मला थोडं बरं वाटत होतं, हे मला तेव्हाच कळत होतं. पुढे सणावाराला ती भेटली की मी माझं जुनं लुगडं घडी करून तिच्या हातात द्यायची. ती ते आनंदाने नेसायची.

दोन टोल्यांच्या मधे एक बरड होती. मुरमाड, उंचवट्याची, धान न होणारी, फक्त गवताच्या कामाची जमीन. मधून एक नाला जायचा; अलीकडची बरड आमच्या टोल्याची, पलीकडची त्यांची, असं सगळे धरून चालत. मालगुजाराच्या अमलात तिथे ढोर सोडायचं तर त्याच्या माणसाला विचारावं लागे. मालगुजारी गेली तसं रान सगळ्यांचं झालं. आजूबाजूच्या गावांचे कळप आमच्या बरडीवर बारा महिने फिरू लागले. गवताला तुरा धरायची उसंत मिळेना. पावसात मुरूम धुऊन नाल्यात जाऊ लागला. जिथे मारवेलीसारखं चाऱ्याचं गवत असायचं तिथे तरोटा आला. कोवळ्या तरोट्याची भाजी माणसं खातात, पण गाय त्याला तोंड लावत नाही. पाहता पाहता आमच्या गाई तणसावर आल्या. तणसाने पोट भरतं, दूध येत नाही.

पलीकडे मात्र तसं झालं नाही. धाकटीच्या सासऱ्याने, एका वाळक्या म्हाताऱ्याने, सगळ्या टोल्याला बसवून काहीतरी ठरवलं, एवढं आमच्या कानावर आलं होतं. आमच्याकडे त्यावर हसले. टीचभर टोला आणि मालगुजारासारखे कायदे करतो, असं माझा नवरा म्हणाला. मीही हसले.

धाकटीच्या मुलाच्या बारशाला मी गेले ते भादवा सरता सरता. नाला ओलांडला आणि थांबले. गवत माझ्या कमरेच्या वर होतं. वाऱ्याने ते एका बाजूला कलायचं आणि परत उभं राहायचं. एवढ्या गवतात एकही ढोर नव्हतं. पायवाट सोडली तर कुठे पाऊल उमटलेलं नव्हतं. माझ्या मागे आमची बरड होती, तिच्याकडे मी वळून पाहिलं नाही.

धाकटी बाळाला घेऊन सामोरी आली. मी बाळाच्या आधी गवताचं विचारलं.

“एवढा चारा उभा हाये अन् ढोरं कुठी हायेत तुमची?”

“पहाडात. दसऱ्याले येतात.”

“पावसाभर?”

“पाऊस लागला की माणसं ढोरं घेऊन वर जातात. इथी आमी बाया अन् वासरं. बी पिकून खाली पडते, मंग ढोरं सोडतो. त्याइच्या खुरानं बी मातीत दबते.” मग ती हसली. “अर्ध्याच बरडीले बंदी हाये यंदा. दुसरी बाजू पुढच्या वर्सी.”

मी बोलता बोलता हात लांब करून एक तुरा तोडला. तोडला म्हणजे काय, सवयीने, जसं कोणीही तोडतं. धाकटीने माझ्या हातातून तो काढून घेतला, चोळून बी खाली टाकलं आणि म्हणाली, “हात नोको लावू बाई. तुमच्याकडे असंच झालं ना.”

तिच्या सासूने, नणदांनी ते ऐकलं. बारशात मी घुगऱ्या खाल्ल्या, पाळण्याची दोरी ओढली, नाव ठेवताना कानात कुर्र केलं. पण परत येताना मला बाळाचा चेहरा आठवेना. तुमच्याकडे असंच झालं ना, एवढंच डोक्यात वाजत होतं. माझी जुनी लुगडी नेसणारी ही पोरगी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचं तणस संपलं. धान बरं झालं नव्हतं, तेव्हा तणसही कमीच होतं. गाईंच्या बरगड्या मोजता येतील अशा दिसू लागल्या. सासरे आखरात जाऊन उभे राहत आणि परत येत. नवरा म्हणाला, “तुह्या बहिनीकडे वाळलं गवत हाये. मी जाऊन इचारतो.”

“कोनाच्याई दारात जायाचं नाई,” मी म्हणाले.

तो गेला नाही. पण दोनच दिवसांत टेकडीच्या बाजूने बैलगाडी आली. गाडीवर बांधून रचलेलं पिवळं गवत, आणि गाडीपुढे धाकटीचा नवरा चालत होता. कोणी मागायच्या आधीच धाकटीने पाठवलं होतं. आमच्या गाई दाव्याला हिसके देऊ लागल्या. सासूने गवताची एक मूठ नाकाशी धरली आणि म्हणाली, “तुही बहीन मोठी गुनाची पोरगी हाये. असं मानूस भेटत नाई.”

पुढे कितीतरी दिवस सासू येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगत होती. मी गाईंपुढे ते गवत टाकायची तेव्हा मला राग यायचा. गाई भराभर खायच्या, त्याचाही राग यायचा. तिने पाठवलं नसतं तर मी तिला नावं ठेवली असती. पाठवलं म्हणून नावं ठेवायलाही जागा राहिली नाही. एखाद्याचं वाईट होवो असं मला कधी वाटलं नाही. तिचं चांगलं व्हावं, पण माझ्याहून कमी व्हावं, एवढंच मला हवं होतं. जे लहानपणापासून होतं, तसंच.

मग मी सासऱ्यांशी बोलले. सून सासऱ्याशी तोंडावर बोलायची नाही, म्हणून सासूला मधे बसवून बोलले. “मामाजींले सांगा, नाल्याच्या बाजूचा उतार आपन बंद करू. निस्ता उतार. पावसाभर कोनाचं ढोर तिथी जाऊ देऊ नये.”

सासरे म्हणाले, “अन् आपली ढोरं पावसात कुठी चरतील?”

“पहाडात. त्याइची जातात तशी.”

टोल्याची माणसं मोहाच्या झाडाखाली बसली तेव्हा बरीच बोलाचाली झाली. पहाडात वाघ आहे, हिवताप आहे, जंगलाच्या नाकेदाराकडून चराईची पावती काढावी लागते, चार महिने पानांच्या झोपडीत राहावं लागतं. तलावाकाठचं घर सोडून कोण जाणार? शेवटी बायांनीच रेटा दिला. उन्हाळाभर दूरच्या बांध्यांतून डोक्यावर तणस वाहून वाहून त्यांच्या माना अवघडल्या होत्या. ढिवरांनी त्यांच्या शेळ्या उतारावर न सोडायचं कबूल केलं. पलीकडच्या गोंड वस्तीतल्या लोकांनी मोहफूल वेचताना त्या अंगाला पाला पेटवणार नाही असा शब्द दिला. माझा नवरा सगळ्यांत शेवटी तयार झाला. उठता उठता तो मला हळूच म्हणाला, “तुले गवत नाई पाहिजे. तुले तिच्यावर जायाचं हाये.”

मला दोन्ही पाहिजे होतं.

पाऊस लागायच्या आधी बीज हवं होतं. धाकटीकडे गाडगी भरून बी होतं, आणि तिचा टोला टेकडीपलीकडेच. मी तिच्याकडे गेले नाही. बोचकं बांधलं, डोंग्यातून वैनगंगा ओलांडली आणि मिळेल त्या बैलगाडीने सिंदेवाहीला बापाकडे गेले. म्हाताऱ्याला फार आनंद झाला. मी सांगितलं, मला मारवेलीचं आणि पवन्याचं बी पाहिजे. तो आत गेला आणि मडक्यातलं बी फडक्यात बांधून घेऊन आला. फडकं माझ्या हातात देताना म्हणाला, “धाकटीनंई असंच नेलं होतं. लग्नाच्या वर्सीच. मी तिले म्हनलं, भांडं माग, लुगडं माग. ते म्हने, मले बी दे.”

म्हणजे पलीकडची ती कमरेएवढी बरड माझ्या बापाच्या मडक्यातून गेली होती. आणि मी माझ्या लग्नात पितळेची घागर मागून घेतली होती. मी परतीच्या डोंग्यात फडकं मांडीवर घट्ट धरून बसले. नावाडी म्हणाला, सोनं हाये काय त्याच्यात? मी म्हणाले, गवत हाये. तो बराच वेळ हसत होता.

पहिल्या सरी झाल्यावर माणसं ढोरं घेऊन वर गेली. आम्ही बायांनी ओघळींना आडवे दगड लावले, जिथून ढोरं घुसतात तिथे बोरीच्या काट्या टाकल्या. बी शेणमातीत कालवून उतारावर टाकलं. मग राखण सुरू झाली. सगळ्या बाया पाळीपाळीने जात, पण माझं लक्ष घरात लागायचं नाही. डोक्यावर पोतं घेऊन, हातात काठी घेऊन मी उतारावर उभी असायची. परगावचे गायकी, म्हणजे गुराखी, भांडायला यायचे. एकजण म्हणाला, “रान सरकारचं हाये. तू कोन होतेस?” मी म्हणाले, “मी इथली हाओ. दसऱ्यानंतर ये, तुह्या ढोराइलेई भेटल.” तो शिव्या देत गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, तेव्हा माझ्यासोबत आणखी बाया होत्या.

एवढं करून उतारावर आलं काय, तर तरोटा. हिरवागार, गुडघाभर तरोटा, आणि मधून मधून तिखाडी, जिच्या वासानेच ढोर तोंड फिरवतं. पोळ्याच्या सुमाराला धाकटी मुलाला कडेवर घेऊन आली. तिने कोपऱ्या कोपऱ्यातून पाहिलं, वाकून माती चिमटीत घेतली.

“बाई, तरोटा फुलाच्या आंधी उपटून टाक. शेंग धरली का पुढच्या वर्सी दुप्पट येते.”

“मले माहीत हाये.”

“तिखाडी राहू दे. ते माती धरून ठेवते. तिच्या आडोशाले दुसरं येते.”

“ते बी माहीत हाये.”

मला दोन्ही माहीत नव्हतं. ती टेकडीआड होईपर्यंत मी नुसती उभी राहिले. ती दिसेनाशी झाल्याबरोबर लुगड्याचा काचा मारला आणि तरोटा उपटायला बसले. हात काळेनिळे झाले. बाकीच्या बाया विचारत होत्या, आजच एवढी घाई काऊन? मी म्हणाले, उद्या पाऊस येईल.

दसऱ्याला ढोरं खाली आली. गाई तकतकीत दिसत होत्या, पाठीवरून हात फिरवला तर घसरायचा. पण आमची एक कालवड वाघाने नेली होती, आणि माझा नवरा दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला. हिवतापाने त्याला पिवळा करून टाकलं होतं. दुपार झाली की दात वाजायचे. मी त्याच्यावर घरातल्या सगळ्या वाकळा टाकायची आणि तरी खाट हलायची. दवाखान्यातली कडू गोळी तो तोंडात धरायचा नाही. सासू माझ्याशी बोलायची बंद झाली. ती बोलली नाही तरी काय म्हणते ते मला ऐकू येत होतं.

एकदा ताप उतरल्यावर तो छताकडे पाहत म्हणाला, “गवत कसं हाये?”

मी खोटं सांगू शकले असते. “तरोटा होता. उपटला. थोडी मारवेल हाये, दगडाच्या आडाले.”

“किती थोडी?”

“माह्या पदरात माईल एवढी.”

तो हसला की खोकला, मला कळलं नाही. त्या दिवसांत धाकटी रोज यायची. टेकडी चढून-उतरून ताकाचं मडकं आणायची, सासूच्या डोक्याला तेल लावायची, माझ्या मुलीची वेणी घालायची. माझ्या घरात माझ्यापेक्षा तिच्याशी सगळे मोकळेपणाने बोलत. नवऱ्याच्या उशाशी बसून ती पहाडातल्या वाटांबद्दल विचारायची आणि तो तापातही सांगत राहायचा. मी चुलीजवळून पाहत असे. माझ्या नवऱ्याला बरं वाटत होतं, तरीही मला ते पाहवत नव्हतं. ती गेली की मी त्याला विचारायची, तिले काय सांगत होते एवढं? तो म्हणायचा, काई नाई, ढोराइचं.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा पहाडात गेला. मी जा म्हटलं नव्हतं. उलट राहा म्हटलं. पण तो म्हणाला, वर ढोरांची चांगली सोय आहे, आणि धाकटीचा नवरा सोबतीला आहे, दोन्ही टोल्यांची झोपडी एकाच ठिकाणी टाकू. त्या वर्षी उतारावर तिखाडीच्या बुडाशी मारवेल दिसू लागली. तिच्या पुढच्या वर्षी पवन्या आला. ओघळीतल्या दगडांमागे माती साचली, तिच्यावर गवत चढलं, आणि मग दगड शोधावे लागू लागले. बी पडल्यावर ढोरं सोडली त्या दिवशी सासरे स्वतः काठी टेकत उतारावर आले. गाईंच्या पोटाला गवत लागत होतं. ते सावलीला बसून राहिले आणि जेवायलाही घरी आले नाहीत. त्या दिवाळीत गायगोधनाला आमच्या टोल्यात गाईंच्या शिंगांना मोरपिसं बांधली गेली. मधली काही वर्षं तेवढा उत्साह कोणाला नव्हता. टोल्याने मग बरडीचा दुसरा तुकडाही बंदीत घेतला.

आता मला वाटलं, आपण बरोबरीला आलो. मुद्दाम धाकटीला बोलावलं. नाल्याकाठी दोघी बसलो. तिच्या बाजूचं गवत आणि माझ्या बाजूचं गवत, मधे पाणी. मी म्हणाले, “पाह्य आता. काई फरक दिसते?”

तिने दोन्हीकडे पाहिलं. “नाई दिसत,” ती म्हणाली. मग पाण्यात पाय सोडून सावकाश म्हणाली, “बाई, एक सांगतो, रागाऊ नोको. तुमची बरड बोडकी होती तवा तुमचीच ढोरं नाला उतरून आमच्या गवतात घुसत. आमचे बुढे म्हनत होते, त्या टोल्याशी भांडू, ठान्यात जाऊ. मी म्हनलं, भांडू नोका. तिथी माही बाई हाये. तिले चांगलं सांगतलं तर ते आयकनार नाई. तिले झोंबलं पाहिजे.”

मला आधी समजलंच नाही. “म्हंजे?”

“बारशाले तुह्या हातातला तुरा मी काऊन घेतला सगळ्याइच्या समोर? गाडी काऊन पाठवली न मागता? मले माहीत होतं ना तू कशी हाएस. लहानपनी बाप मले चांगलं म्हने, तवा तू रातभर जागून पाढे पाठ करत होतीस.”

ती हे अगदी साधेपणाने सांगत होती. त्यात टोमणा नव्हता, चढेलपणा नव्हता. म्हणजे मी तीन पावसाळे जी काठी घेऊन उभी राहिले, ती तिनेच माझ्या हातात दिली होती. माझा मत्सरसुद्धा तिने ओळखून, जपून, वेळेवर कामाला लावला होता, जसं ती गवताला लावायची. मी उठले, पदर झटकला आणि घरी आले. निरोपही घेतला नाही. रात्री भाकरी करताना तवा जास्त तापला, पहिली भाकरी करपली. सासू म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, काई नाई.

कितीतरी आठवडे मी बाजारात तिच्यापासून लांब, ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसले. ती तिकडून हात करायची. मी पाहिलं नाही असं दाखवायची. मला तिची चूक काय ते सांगता येत नव्हतं, आणि तेच मला सोसत नव्हतं. आमच्या गाईंना चारा होता, टोल्याचं भांडण टळलं होतं, माझा नवरा बरा होता. हे सगळं तिच्यामुळे होतं, आणि मला ते माझ्यामुळे हवं होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी नवऱ्याला पुन्हा बारीक ताप आला. माणसं निघायच्या तयारीत होती. मी म्हणाले, “यंदा मीई येते वर. सैपाकाले कोनी पाहिजे, गोळी द्याले कोनी पाहिजे.”

सासू म्हणाली, बाया पहाडात जात नाहीत. सासरे मात्र म्हणाले, जाऊ दे. मुलीला सासूपाशी ठेवलं, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेतलं आणि ढोरांमागे चालू लागले. दोन्ही टोल्यांत तोवर कोणी बाई पावसाळ्यात वर राहिली नव्हती.

काय काय पाहिलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. सागाच्या पानांचं छप्पर होतं आणि त्यावर दिवसच्या दिवस पाऊस वाजायचा. ढग झोपडीच्या दारातून आत यायचे आणि चुलीचा धूर बाहेर जायला तयार नसायचा. रात्री गाई एकदम गप्प होत, घंटा थांबत, तेव्हा सगळी माणसं उठून जाळ वाढवत. सकाळी ओल्या मातीत पंजा दिसे. खालच्या गोंड वस्तीतल्या बाया बांबूचे कोंब घेऊन येत, मी त्यांना ताक देई. त्यांचे शब्द मला येत नव्हते, माझे त्यांना, तरी आम्ही बराच वेळ बसत असू. नवऱ्याचा ताप तिथे उतरला. तो झऱ्यावर बसून मला एकेक वाट दाखवायचा, कुठल्या खोऱ्यात गवत आधी पिकतं, कुठे नंतर, कळप किती दिवसांनी हलवायचा. धाकटीला उशाशी बसून तो हेच सांगत होता, हे मला तिथे कळलं.

दसऱ्याला आम्ही खाली उतरलो. धाकटी नाल्यापर्यंत सामोरी आली होती. स्वतःच्या नवऱ्याला भेटायच्या आधी ती माझ्याकडे आली. माझ्या डोक्यावरचं गाठोडं तिने उतरवून घेतलं आणि माझा हात धरला. तिचा मुलगा तिच्या लुगड्याला लोंबकळत होता, दुसरं पोटात होतं, आणि तिचा म्हातारा सासरा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. तिला पुढची काही वर्षं टोला सोडता येणार नव्हता.

“बाई,” ती म्हणाली, “पहाडात कसं असते वो? मले यायनंई सांगतलं, भाऊजीनंई सांगतलं, पन बाप्या मानसाले सांगता येत नाई. तू सांग.”

तिच्या डोळ्यांत मी तोपर्यंत कधी न पाहिलेलं, पण माझ्या चांगल्या ओळखीचं काहीतरी होतं. मी ते नीट पाहून घेतलं. मग गवतात बसले, पाय लांब केले, आणि म्हणाले, “थांब, दम घेऊ दे. सांगते.”

ती माझ्यासमोर बसली. ढोरं आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. मी अगदी सावकाश सांगायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी सगळं सांगितलं नाही.